आवडत्या जुन्या कॉलेज फुटबॉलपटूची वही कशी करावी

पहिल्या दिवशी काहीही शोधू नका. संगणक बंद ठेवा, कोरी वही घ्या, आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला जो खेळाडू इतक्या वर्षांनंतरही मनातून जात नाही, त्याच्याविषयी जे जे आठवतं ते लिहून काढा. अर्धा तास पुरतो. हे आधी करायचं कारण असं की एकदा त्याची चित्रफीत पाहिली की मूळ आठवण तिच्याखाली दबते. स्टेडियमच्या वरच्या रांगेतून पाहिलेली धाव त्यानंतर कॅमेऱ्याच्या जागेवरून आठवायला लागते, आणि ती मूळ जागा परत मिळत नाही.

लिहिताना डावंच पान वापरा, उजवं कोरं सोडा. सामना कोणाशी होता, तो कोणत्या टोकाच्या एंड झोनकडे, म्हणजे गुण मिळवण्याच्या पट्ट्याकडे, धावत होता, हवा कशी होती, जर्सीवर कोणता आकडा होता, स्कोअर काय होता, तुम्ही मैदानात होता की टीव्हीसमोर की रेडिओला कान लावून बसला होता, हे सगळं येऊ द्या. प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: ‘प’ म्हणजे पक्कं, ‘ब’ म्हणजे बहुधा, ‘धू’ म्हणजे धूसर. पुढे पडताळणीत जे सापडेल ते उजव्या पानावर जाईल. डाव्या पानावरची चुकीची आठवण कधीही खोडू नका. ती आठवण चुकली कशी हे शोधण्यातच या कामाचा निम्मा आनंद आहे.

आठवण साधारण ठरलेल्या जागी चुकते. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे लागोपाठच्या दोन वर्षांचे सामने एकमेकांत मिसळतात. साल एकाने मागेपुढे होतं. आणि एखाद्या गाजलेल्या खेळीला नंतरच्या घटनेचं कारण मानलं जातं. डग फ्लुटीचं उदाहरण घ्या. 23 नोव्हेंबर 1984 रोजी बॉस्टन कॉलेजच्या या क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) मायामीच्या ऑरेंज बोल स्टेडियममध्ये शेवटच्या क्षणी जेरार्ड फेलनकडे लांब पास फेकला आणि सामना 47-45 असा जिंकला. त्या पासमुळे त्याला वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली असं खूप जण सांगतात. पण मतदान त्याआधीच उरकलेलं होतं. त्याच पासची लांबी कोणी 48 यार्ड सांगतं, कोणी साठाच्या वर. दोन्ही बरोबर आहेत. अधिकृत मोजणी लाइन ऑफ स्क्रिमेजपासून, म्हणजे खेळी जिथून सुरू होते त्या रेषेपासून, होते, म्हणून 48; फ्लुटी मात्र बराच मागे सरकून फेकत होता, त्यामुळे चेंडूने हवेत कापलेलं अंतर त्याहून पुष्कळ जास्त होतं. तुमच्या खेळाडूच्या बाबतीत दोन आकडे भेटले तर एक खोटा ठरवण्याआधी दोघांची मोजपट्टी कोणती ते पाहा.

ओळख पक्की करणं

उजव्या पानावर पहिली नोंद त्याच्या ओळखीची: पूर्ण नाव, वर्तमानपत्रांत छापलं जाणारं नाव, टोपणनाव, क्रमांक, जागा, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत खेळला. हे सोपं वाटतं, पण बरीच घोटाळ्याची मुळं इथेच असतात.

सालाचा नियम लक्षात ठेवा: हंगाम ज्या शरद ऋतूत सुरू होतो त्या सालाने ओळखला जातो. 1 जानेवारी 1960 रोजी कॉटन बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात सिराक्यूजने टेक्ससला 23-14 असं हरवलं. तो सामना 1959 च्या हंगामाचा. त्यातली सिराक्यूजच्या एर्नी डेव्हिसची कामगिरी 1960 च्या खात्यात टाकली की पुढची सगळी बेरीज सरकते.

किती वर्षं खेळला हेही काळावर अवलंबून आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळण्याची सर्वसाधारण मुभा 1972 मध्ये मिळाली. त्याआधी, युद्धकाळासारखे अपवाद सोडले, तर खेळाडूची मुख्य संघातली वर्षं तीनच. पहिल्या वर्षाचा वेगळा फ्रेशमन संघ असे आणि त्याचे आकडे कारकिर्दीत धरले जात नसत. म्हणून साठच्या दशकातल्या खेळाडूचं ‘हरवलेलं’ वर्ष शोधत बसू नका. उलट, पाच वर्षं यादीत दिसणारा खेळाडू बहुधा एक वर्ष रेडशर्ट होता, म्हणजे संघासोबत सराव करूनही ते वर्ष त्याच्या पात्रतेतून वजा झालं नाही. 2018 पासून रेडशर्ट वर्षातही चार सामन्यांपर्यंत खेळता येऊ लागलं, त्यामुळे अलीकडच्या खेळाडूंच्या नोंदीत असं तुटक वर्ष दिसतं.

दुसऱ्या महायुद्धातले खेळाडू असतील तर दोन विद्यापीठांची कागदपत्रं चाळावी लागतात. नौदलाच्या व्ही-12 प्रशिक्षणासाठी तरुण ज्या विद्यापीठात पाठवले जात, तिथल्या संघातून ते खेळत. एलरॉय हर्श 1942 मध्ये विस्कॉन्सिनकडून आणि 1943 मध्ये मिशिगनकडून खेळला तो असाच. एकाच विद्यापीठाची यादी पाहिली तर अर्धा खेळाडू निसटतो.

क्रमांकावर पूर्ण भरवसा टाकू नका. कॉलेजमध्ये एकाच संघात दोघांचा एकच क्रमांक असू शकतो; ते एका वेळी मैदानावर नसले की झालं. सहसा एक आक्रमणात असतो, दुसरा बचावात. काही खेळाडूंनी मध्येच क्रमांक बदललेला असतो. नोत्र दामसारख्या संघांच्या जर्सीवर पाठीमागे नाव नसतं, त्यामुळे छायाचित्रातला माणूस केवळ आकड्यावरून ठरवला की चूक होण्याची शक्यता वाढते. त्या वर्षाच्या यादीतली उंची, वजन आणि जागा यांच्याशी ताडून पाहा. सिराक्यूजचा 44 म्हटलं तर जिम ब्राउन, एर्नी डेव्हिस आणि फ्लॉइड लिटल असे तीन थोर खेळाडू समोर येतात, वेगवेगळ्या वर्षांचे. साल न लिहिलेलं छायाचित्र तिथे निरुपयोगी आहे.

सामन्यांचा तक्ता

आता कणा उभा करायचा: त्याने खेळलेल्या प्रत्येक सामन्याचा तक्ता. स्तंभ असे आखा: तारीख, प्रतिस्पर्धी, मैदान घरचं की बाहेरचं, निकाल, तो सुरुवातीपासून खेळला का, त्याचे आकडे, आकडे कुठून घेतले, शेरा. तीन-चार वर्षांच्या कारकिर्दीला तीस ते पन्नास ओळी होतात. ‘आकडे कुठून घेतले’ हा स्तंभ कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात, आणि सहा महिन्यांनी दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा पस्तावतात.

सुरुवात विद्यापीठाच्या मीडिया गाइडपासून करा. दर वर्षी हंगामाआधी पत्रकारांसाठी ही पुस्तिका निघते. तिच्यात मागच्या वर्षाचे सामनावार आकडे, खेळाडूंची ओळख, आणि शेवटी विद्यापीठाचे विक्रम व लेटर (संघातून पुरेसं खेळल्याचं मानचिन्ह) मिळवलेल्यांची यादी असते. म्हणजे 1987 चे आकडे हवे असतील तर 1988 ची पुस्तिका उघडायची. अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी या पुस्तिका स्कॅन करून ठेवल्या आहेत. नसतील तर विद्यापीठाच्या अभिलेखागाराला नेमकं साल आणि पान कशाचं हवं ते लिहून विचारा. ‘अमक्याविषयी जे असेल ते पाठवा’ अशा पत्राला उत्तर मिळायला वेळ लागतो; ‘1974 च्या नोव्हेंबरमधल्या चार सामन्यांचे बॉक्स स्कोअर’ (सामन्याच्या आकड्यांचे तक्ते) असं लिहिलं की माणूस उठून कपाट उघडतो.

दुसरा स्रोत वर्तमानपत्रं. शनिवारचा सामना रविवारच्या अंकात येतो, पण रात्रीचा किंवा पश्चिम किनाऱ्यावरचा सामना रविवारच्या लवकर छापलेल्या आवृत्तीत अर्धवट असतो. मायक्रोफिल्मवर नेमकी तीच आवृत्ती असू शकते. म्हणून सोमवारचा अंकही पाहा. विद्यापीठाचं विद्यार्थी-वृत्तपत्र तर सोडूच नका: शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राला ज्या गार्डचं, म्हणजे पुढच्या फळीत समोरच्यांना रोखणाऱ्या खेळाडूचं, नावही छापायला जागा नसते, त्याच्यावर विद्यार्थी-वृत्तपत्रात अर्धं पान असतं. मिशिगन डेलीसारख्या काहींचे जुने अंक ऑनलाइन शोधता येतात. 1963 पर्यंतच्या काळासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा मोफत संग्रह आहे. ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट अशा कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांतला खेळाडू असेल तर पिट्सबर्ग कुरिअर आणि शिकागो डिफेंडर आधी उघडा. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्या काळी हे सामने दोन ओळींत उरकले किंवा छापलेच नाहीत. विद्यापीठांच्या क्रीडा संकेतस्थळांची जुनी पानं 1996 नंतरच्या काळासाठी वेबॅक मशीनवर मिळू शकतात. संकेतस्थळ नव्याने बांधलं गेलं की जुनी पानं तिथून गेलेली असतात.

जुन्या मजकुरातला शोध अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रावर चालतो आणि ते यंत्र जुनी छपाई चुकीची वाचतं. आडनावाने काही सापडलं नाही म्हणजे तो खेळला नाही असं नव्हे. प्रतिस्पर्धी विद्यापीठाचं नाव आणि तारीख घेऊन थेट ते पान उघडा.

बॉक्स स्कोअरमध्ये धावण्याची नोंद ‘44-332’ अशी दिसते: 44 वेळा चेंडू घेऊन 332 यार्ड. पासच्या नोंदीत तीन आकडे असतात, बहुधा पूर्ण झालेले, फेकलेले आणि प्रतिस्पर्ध्याने पकडलेले (इंटरसेप्शन). पण वर्तमानपत्रागणिक क्रम बदलतो, म्हणून त्याच पानावरची एक ओळखीची ओळ आधी तपासा. मग वैयक्तिक यार्डांची बेरीज संघाच्या एकूण यार्डांशी जुळते का पाहा. जुळली नाही तर कुठेतरी छपाईची चूक आहे, किंवा एखादा खेळाडू यादीतून गळला आहे. ही बेरीज दोन मिनिटांची आहे आणि ती सगळ्यात जास्त चुका पकडते.

क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या आकड्यांनी गोंधळून जाऊ नका. कॉलेजमध्ये सॅक झाल्यावर, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं गेल्यावर, गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावांमधून वजा होतात; व्यावसायिक एनएफएलमध्ये तसं होत नाही. म्हणून चपळ क्वार्टरबॅकच्या नावापुढे ‘12 वेळा, उणे 9 यार्ड’ असं दिसलं तरी तो धावू शकत नव्हता असा अर्थ काढू नये. त्या दिवशी त्याला वाचवणारी पुढची फळी ढासळली होती एवढंच त्यातून कळतं.

आकड्यांमागचे नियम

या भागाला सर्वाधिक वेळ द्या. एनसीएए ही संस्था देशभरातले अधिकृत आकडे 1937 पासून ठेवते. त्याआधीचे आकडे वर्तमानपत्रांतून मागाहून जुळवलेले असतात. ते वापरा, पण ‘मागाहून जुळवलेले’ असं लिहून.

सर्वात मोठा सापळा बोल सामन्यांचा. 2002 च्या आधी हंगामाअखेरच्या बोल सामन्यांतले आकडे एनसीएएच्या अधिकृत बेरजेत धरले जात नव्हते. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने 1988 मध्ये 11 सामन्यांत 2,628 यार्ड धावून 37 टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेणं) केले. त्यानंतर हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध त्याने आणखी 222 यार्ड आणि 5 टचडाउन केले. ते धरले तर बेरीज 2,850 यार्डांवर जाते. दोन्ही आकडे फिरत असतात आणि दोन्ही खरे आहेत. तक्त्यात बोल सामना वेगळ्या रंगाने लिहा आणि दोन बेरजा ठेवा: अधिकृत आणि सगळ्या सामन्यांची.

थाटाने फसू नका. सँडर्सचे टेक्सस टेकविरुद्धचे ते 44 वेळा 332 यार्ड टोकियोत झाले. हंगामाच्या अखेरीस, परदेशात, मोठ्या थाटात झालेला सामना, तरी तो नियमित हंगामाचाच होता आणि अधिकृत बेरजेत आहे. तिथे तारखेचाही घोळ होतो: टोकियोत रविवार, 4 डिसेंबर उजाडला होता तेव्हा ओक्लाहोमात शनिवार, 3 डिसेंबर चालू होता.

या नियमाने विक्रमसुद्धा फिरले. विस्कॉन्सिनच्या रॉन डेनचे 1996 ते 1999 मधले अधिकृत यार्ड 6,397. सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने 2016 मध्ये 6,405 यार्डांवर कारकीर्द संपवली आणि विक्रम त्याच्या नावावर गेला. पण पम्फ्रीच्या बेरजेत बोल सामने आहेत, डेनच्या नाहीत. डेनचे चार बोल सामने मिळवले तर 7,125 होतात. पिट्सबर्गच्या टोनी डॉर्सेटचे 6,082 याच हिशेबाने 6,526 होतात. तुमचा खेळाडू यादीत कितवा आहे हे लिहिताना कोणती यादी ते सांगितलंच पाहिजे.

सगळ्यात हळहळ वाटते ती टॉमी फ्रेझरसारख्यांबद्दल. नेब्रास्काच्या या ऑप्शन क्वार्टरबॅकने (चेंडू सोपवायचा की स्वतः धावायचं हे ऐनवेळी ठरवणारा) 2 जानेवारी 1996 रोजी फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाविरुद्ध 199 यार्ड धाव घेतली, त्यात ती 75 यार्डांची, एकामागून एक हात झटकून टाकणारी धाव होती. नेब्रास्का 62-24 असं जिंकलं. ज्या सामन्यासाठी लोक त्याला आठवतात, तो त्याच्या अधिकृत बेरजेत नाही. अशा खेळाडूच्या वहीत बेरीज शेवटच्या पानावर जाऊ द्या आणि तो सामना पहिल्या.

बचावातल्या खेळाडूचं गणित आणखी अवघड. टॅकल (चेंडू घेतलेल्याला पाडणं) आणि सॅक यांचे वैयक्तिक आकडे एनसीएए अधिकृतपणे 2000 पासून ठेवते. अलाबामाच्या डेरिक थॉमसचे 1988 मधले 27 सॅक म्हणून अधिकृत विक्रमात नाहीत. तिथे ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जचे 2002 मधले 24 आहेत. 2000 पूर्वीचे टॅकल विद्यापीठाचे प्रशिक्षक सामन्याची फिल्म पाहून मोजत. एका विद्यापीठाचे प्रशिक्षक अर्ध्या मदतीचाही पूर्ण टॅकल मोजत, दुसरीकडचे नाही. एकाच विद्यापीठातल्या दोघांची तुलना चालेल. दोन विद्यापीठांतली टाळा.

क्वार्टरबॅकचं पासिंग रेटिंग स्वतः काढता येतं. यार्ड गुणिले 8.4, अधिक टचडाउन गुणिले 330, अधिक पूर्ण पास गुणिले 100, वजा इंटरसेप्शन गुणिले 200. या सगळ्याला एकूण पासांनी भागायचं. फ्लोरिडाचा डॅनी वुर्फेल 1995 मध्ये: 325 पैकी 210 पूर्ण, 3,266 यार्ड, 35 टचडाउन, 10 इंटरसेप्शन. 27,434.4 अधिक 11,550 अधिक 21,000 वजा 2,000 म्हणजे 57,984.4, भागिले 325 म्हणजे 178.4. हे सूत्र 1979 मध्ये आलं आणि 1965 ते 1978 च्या आकड्यांवर बेतून सरासरी 100 येईल असं ठेवलं गेलं. म्हणून सत्तरच्या दशकातल्या क्वार्टरबॅकचं 130 फार मोठं आहे. आजच्या खेळात तेवढ्याने कोणी मान वळवून पाहत नाही. एनएफएलचं रेटिंग वेगळ्या सूत्राचं, त्याच्याशी हे ताडू नका.

काळाचे बाकीचे फरक थोडक्यात. अकराव्या नियमित सामन्याची परवानगी 1970 मध्ये मिळाली, बारावा 2006 पासून कायम झाला. म्हणून हंगामाच्या बेरजेशेजारी सामन्यामागची सरासरी लिहाच. नियमित हंगामात जादा वेळेचा खेळ 1996 पासून, त्याआधी सामने बरोबरीत सुटत. किकरसाठी गोलखांबांमधलं अंतर 1959 ते 1990 पर्यंत 23 फूट 4 इंच होतं, 1991 मध्ये पुन्हा 18 फूट 6 इंच झालं. फील्ड गोलसाठी टी, म्हणजे चेंडू ठेवायचा छोटा आधार, वापरणं 1989 पासून बंद झालं. 1953 ते 1964 या काळात खेळाडू बदलण्यावर कडक बंधनं होती, त्यामुळे तोच माणूस आक्रमणातही खेळे आणि बचावातही. त्या काळातल्या हाफबॅकचे फक्त धावण्याचे आकडे दिले तर त्याचं निम्मं काम वहीबाहेर राहतं.

विजय रद्द झालेले असतील तर तेही स्पष्ट लिहा. यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) 2004 चे शेवटचे दोन आणि 2005 चे सगळे 12 विजय गमवावे लागले. तिथल्याच रेजी बुशची 2005 ची हाइझमन 2010 मध्ये गेली आणि 2024 मध्ये परत आली. कागदावरून काय पुसलं आणि मैदानावर काय घडलं, दोन्ही तारखांसह ठेवा.

ज्यांचे आकडेच नाहीत

आवडता खेळाडू टॅकल (इथे हे जागेचं नाव), गार्ड किंवा सेंटर, म्हणजे समोरच्यांना रोखणारा लाइनमन असेल तर बॉक्स स्कोअर मुका असतो. तिथे फिल्म पाहून स्वतः मोजायचं. एका सामन्यात संघाच्या साठ-सत्तर खेळी होतात. चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्याकडे पाहा, चेंडू निघाल्यापासून पहिले तीन सेकंद. पहिलं पाऊल कुठे पडलं, हात समोरच्याच्या छातीवर आत बसले की बाहेर, आणि शिट्टी वाजेपर्यंत तो सोडून गेला का. काम झालं तर अधिक, नाही झालं तर उणे, दिसलं नाही तर शून्य. शून्यांना निकालात मिळवू नका. शिवाय एक वेगळी मोजणी ठेवा: तिसऱ्या किंवा चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी) एक-दोन यार्ड हवे असताना संघ कोणाच्या बाजूने धावला. प्रशिक्षकाचा भरवसा कोणावर होता हे त्यातून जेवढं उघड होतं तेवढं कोणत्याही पुरस्कारातून होत नाही. ओहायो स्टेटच्या ऑर्लँडो पेसमुळे ‘पॅनकेक’, म्हणजे समोरच्याला पाठीवर आडवा करणारा ब्लॉक, हा शब्द नव्वदच्या दशकात सर्वतोमुखी झाला. तुमच्या लाइनमनचेही पॅनकेक मोजा, पण साध्या, न पडता रोखलेल्या ब्लॉकपेक्षा त्यांना जास्त वजन देऊ नका.

फिल्म आणि टेप

1984 पूर्वीचा खेळाडू असेल तर टीव्हीवरचे सामने थोडेच सापडतील. प्रक्षेपणावर एनसीएएचा ताबा होता आणि एका संघाला किती वेळा दाखवायचं यावर मर्यादा होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 27 जून 1984 च्या निकालाने ती व्यवस्था मोडली. त्याआधीच्यांसाठी आशा आहे ती प्रशिक्षकांच्या 16 मिलिमीटर फिल्मची. ती मूक असते, घड्याळ आणि स्कोअर दिसत नाही, आणि अनेकदा आक्रमणाच्या व बचावाच्या खेळी वेगळ्या रिळांवर जोडलेल्या असतात. क्रम लावण्यासाठी वर्तमानपत्रातलं वर्णन किंवा सामन्याची खेळीवार नोंद शेजारी ठेवावी लागते. 400 फुटांचं रीळ 24 फ्रेमच्या वेगाने सुमारे 11 मिनिटं चालतं.

जुनं रीळ हाती आलं तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेटचा पाया विघटित होतोय. असं रीळ आकसलेलं असतं. प्रोजेक्टरवर चढवलं की दात्यांच्या छिद्रांतून फाटतं. ते प्रोजेक्टरवर लावू नका, दातेविरहित स्कॅनर असलेल्या ठिकाणी द्या आणि तोवर थंड, कोरड्या जागी इतर रिळांपासून दूर ठेवा.

व्हीएचएस टेप घरी उतरवता येते. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर बुरशी आहे. ती टेप यंत्रात घातली की यंत्राचं हेडही खराब होतं आणि पुढच्या टेपाही. चांगली टेप आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे एकदा फिरवा, ताण सारखा होतो. सामना तीन तासांहून लांब आणि टी-120 टेप सर्वोत्तम वेगात दोनच तासांची, म्हणून घरी केलेली बहुतेक रेकॉर्डिंग सहा तासांच्या संथ वेगात असतात. त्या वेगात पट्टे अरुंद असतात आणि दुसऱ्या यंत्रावर चित्र थरथरतं. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली तेच उपलब्ध असेल तर उत्तम; नाहीतर ट्रॅकिंग हाताने जुळवा आणि दोन-तीन यंत्रांवर करून पाहा. यंत्राला एस-व्हिडिओ असेल तर तीच तार वापरा, मध्ये टाइम बेस करेक्टर असेल तर चित्राच्या कडा डगमगत नाहीत. 720 बाय 480, सेकंदाला 29.97 फ्रेम, इंटरलेस्ड तसंच ठेवून उतरवा. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे 13 जीबी लागतात. ही मूळ प्रत हात न लावता ठेवा आणि पाहण्यासाठी वेगळी लहान प्रत काढा. चित्र रुंद पडद्यावर ताणू नका. ताणलं की सगळे खेळाडू बुटके दिसतात आणि धावेचा वेगही वेगळा भासतो.

निवडक खेळींची फीत शेवटी पाहा. तिच्यात त्याचे अपयशी डाउन नसतात, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये दमलेला असताना तो काय करत होता हेही नसतं. पूर्ण सामना एकदा सलग पाहिला की खेळाडू कळतो.

कागद

वर्तमानपत्राचं कात्रण आम्लामुळे पिवळं पडून तुटतं आणि शेजारच्या छायाचित्रालाही डाग लावतं. कात्रण 400 डीपीआयवर स्कॅन करा, आम्लमुक्त कागदावर प्रत काढा, मूळ वेगळ्या पॉलिएस्टर पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं मऊ प्लास्टिक, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तिन्ही वर्ज्य. छायाचित्रं 600 डीपीआयवर, टिफ स्वरूपात, मागची बाजूसुद्धा. छायाचित्रकाराचा शिक्का आणि तारीख मागेच असते. सामन्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेच्या मधल्या पानांवर त्या दिवसाची क्रमांकांची यादी असते. ती हंगामाच्या यादीपेक्षा विश्वासार्ह, तरी आयत्या वेळी बदललेला क्रमांक तिच्यातही नसतो.

हवेची आठवण पडताळायची असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान अभिलेखात जवळच्या केंद्राची दिवसावार नोंद मिळते. त्यात दिवसाचं कमाल-किमान तापमान आणि पाऊस-बर्फ असतं, किकऑफच्या तासाचं नव्हे. ‘बर्फात खेळला’ अशी आठवण आणि नोंदीत शून्य बर्फ, असं झालं तर आधी तारीख तपासा. बहुधा तो दुसराच सामना निघतो.

पुरस्कार लिहिताना

‘ऑल-अमेरिकन’ (देशातल्या सर्वोत्तमांच्या संघात निवडलेला) एवढंच लिहून भागत नाही. कोणी निवडला आणि पहिल्या संघात की दुसऱ्या, ते लिहा. एनसीएए ‘कन्सेन्सस’ संघ ठरवताना सध्या असोसिएटेड प्रेस, फुटबॉल प्रशिक्षकांची संघटना, फुटबॉल लेखकांची संघटना, स्पोर्टिंग न्यूज आणि वॉल्टर कॅम्प फाउंडेशन या पाचांच्या याद्या धरते. पाचही पहिल्या संघांत असलेला तो ‘युनॅनिमस’, म्हणजे एकमताने निवडलेला. ‘कन्सेन्सस’ त्याहून एक पायरी खाली. दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात, तुम्ही वापरू नका.

अटलांटातल्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तो नाही म्हणून त्याची उंची कमी समजू नका. तिथे नामांकनासाठी खेळाडू म्हणून मान्यताप्राप्त यादीतला पहिल्या संघाचा ऑल-अमेरिकन असणं आवश्यक आहे. नोत्र दामचा जो मोंटाना त्या अटीत बसत नाही, म्हणून तिथे नाही.

खेळाडूला लिहायचं असेल तर

घरचा पत्ता शोधू नका. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे माजी खेळाडूंची संघटना असते, पत्र त्यांच्यामार्फत द्या. दीडशे शब्द पुरेत. एका नेमक्या सामन्याविषयी, कागदात न सापडणारा एकच प्रश्न विचारा: त्या चौथ्या डाउनला हडलमध्ये (खेळीआधीच्या घोळक्यात) काय ठरलं होतं, हा चांगला प्रश्न, तुमच्या आयुष्यातला सर्वोत्तम क्षण कोणता, हा नव्हे. एकुलती प्रत सहीसाठी पाठवू नका. उत्तर आलं नाही तर पुन्हा तगादा लावू नका. या खेळात डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम पुष्कळांना उतारवयात भोगावे लागतात, आणि आपल्याला लख्ख आठवणारी दुपार त्यांना आठवत नसेल अशी शक्यता असते. खेळाडू हयात नसेल तर संघातल्या सोबत्यांना विचारा. लाइनमनना आपल्या मागच्या रनिंग बॅकबद्दल जे सांगता येतं ते कोणत्याही पत्रकाराला येत नाही.

सगळं जमलं की एका पानाचा परिचय लिहा: वरती तो सामना, मग माणूस, मग कारकीर्द, तळाशी दोन बेरजा. फाइलींना साल आधी येईल अशी नावं द्या, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती करा, त्यातली एक घराबाहेर, आणि विद्यापीठाच्या अभिलेखागाराला हवी आहे का ते विचारा. सामनावार तक्ता त्यांच्याकडेही नसण्याची शक्यता बरीच असते. वहीचं पहिलं डावं पान मात्र टंकित करू नका. हस्ताक्षरासकट, ‘प’, ‘ब’, ‘धू’ या खुणांसकट, जसंच्या तसं स्कॅन करा.